मोबाइलवरून मतदान आणि ब्लॉकचेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्था-संघटनांचे पदाधिकारी, सभासद आणि तांत्रिक काम बघणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मोबाइलवरून मतदान म्हणजे ओटीपी टाकून नावावर बोट ठेवायचं, एवढंच ना?

वरून एवढंच दिसतं. पण अशा साध्या फॉर्ममध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्याला कोणी कोणाला मत दिलं ते दिसतं आणि आकडेही बदलता येतात. त्याने काहीच बदललं नसेल, तरी ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसतं. निकालावर आक्षेप आला की प्रामाणिक आयोजकाचीही पंचाईत होते, ती इथे.

पडताळणी करता येणाऱ्या पद्धतीत मत फोनमध्येच एन्क्रिप्ट होतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतं, आणि त्याच रूपात सार्वजनिक फलकावर (सगळ्यांना पाहता येणाऱ्या ऑनलाइन यादीवर) जातं. मतदाराला त्या एन्क्रिप्ट केलेल्या मताची ओळख पटवणारा कोड मिळतो. निकालासोबत मोजणीचा गणिती पुरावा जाहीर होतो आणि तो कोणालाही स्वतःच्या संगणकावर तपासता येतो.

2. मग यात ब्लॉकचेनचं काम काय?

एकच काम: फलकावर आलेली नोंद मागाहून कोणाला गुपचूप बदलता, पुसता किंवा मागच्या वेळेने घुसवता येऊ नये. प्रत्येक ब्लॉकमध्ये (नोंदींच्या गटात) आधीच्या ब्लॉकचा हॅश असतो, म्हणजे मजकूर जराही बदलला की बदलणारा छोटा ठसा, आणि फलकाच्या प्रती वेगवेगळ्या लोकांच्या नोडवर (संगणकांवर) असतात, त्यामुळे एका प्रतीत केलेला बदल लगेच उघडा पडतो. आपली नोंद आत आहे हे तपासायला सगळी यादी उतरवून घ्यावी लागत नाही. 10 लाख मतांच्या मर्कल ट्रीमध्ये (जोड्यांचे हॅश काढत बनवलेल्या झाडासारख्या रचनेत) त्यासाठी 20 हॅश, म्हणजे 640 बाइट पुरतात.

मतदार खरा आहे का (प्रश्न 10), मत गुप्त राहतं का (प्रश्न 3), फोन विश्वासाचा आहे का (प्रश्न 8), यांपैकी कशाशीही साखळीचा (ब्लॉकचेनचा) संबंध नाही. चुकीचं मत आत गेलं तर चुकीचं मतच कायमचं जपलं जातं. 2018 साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने परदेशातल्या मतदारांसाठी व्होट्झ हे ॲप वापरलं आणि त्याची जाहिरात ब्लॉकचेनच्या नावाने झाली. 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ते ॲप उलगडून पाहिलं, तेव्हा मत साखळीवर पोहोचल्याची कसलीही खात्री ॲप करून घेत नसल्याचं दिसलं. ते फक्त कंपनीच्या सर्व्हरशी बोलत होतं.

3. मत सगळ्यांना दिसणाऱ्या साखळीवर असतं, मग ते गुप्त कसं राहतं?

साखळीवर मत नसतं, मताचं एन्क्रिप्ट केलेलं रूप असतं. प्रत्येक वेळी त्यात नवा यादृच्छिक आकडा मिसळतात, त्यामुळे एकाच उमेदवाराला पडलेली दोन मतंसुद्धा एकमेकांसारखी दिसत नाहीत.

घरगुती प्रणालींत हमखास होणारी चूक म्हणजे सभासद क्रमांक आणि निवड एकत्र करून त्याचा एसएचए-256 हॅश साखळीवर टाकणं. हॅश उलटा करता येत नाही हे खरं, पण उमेदवार पाच असतील तर पाचही शक्यतांचे हॅश काढून जुळवायला सेकंदही लागत नाही. दुसरी चूक लांबीची. व्होट्झमध्ये पाठवलेल्या डेटाची लांबी निवडीप्रमाणे बदलत होती. नेटवर्कवर नुसतं लक्ष ठेवणाऱ्यालाही त्यावरून मत ओळखता येईल असं त्याच तपासणीत आढळलं. सगळ्या मतांची लांबी बाइटपर्यंत सारखी हवी.

4. मतं न उघडता मोजतात कशी?

दोन मार्ग आहेत. पहिला बेरजेचा: प्रत्येक उमेदवारासमोर 0 किंवा 1 हा आकडा एल्गमाल या एन्क्रिप्शन पद्धतीच्या एका प्रकाराने एन्क्रिप्ट करतात. असे एन्क्रिप्ट केलेले आकडे एकमेकांशी गुणले की आतल्या आकड्यांची बेरीज होते. शेवटी फक्त बेरीज उघडायची, सुटं मत कधीच उघडत नाही. एखाद्याने 1 ऐवजी 50 भरले तर? म्हणून प्रत्येक मतासोबत 'आत 0 किंवा 1 च आहे' असा झिरो-नॉलेज पुरावा जोडावा लागतो. आतला आकडा कळत नाही, पण मर्यादा पाळली आहे हे पटतं.

पसंतीक्रम लावायचा असेल तर बेरीज चालत नाही. तिथे मिक्सनेट लागतं. ही कल्पना डेव्हिड चॉम यांनी 1981 मध्ये मांडली. अनेक सर्व्हर एकामागून एक मतांचा क्रम पिसतात, त्यांचं एन्क्रिप्शन नव्याने करतात, आणि मतं तीच राहिली याचा पुरावा देतात. हा पुरावा बारकाईने तपासून घ्या. 2019 मध्ये स्विस पोस्टच्या (स्वित्झर्लंडच्या टपाल कंपनीच्या) ऑनलाइन मतदान प्रणालीचा प्रोग्राम खुला झाला तेव्हा नेमक्या याच ठिकाणी दोष निघाला. पुरावा बरोबर असल्याचं दिसत असतानाही आतली मतं बदलणं शक्य होतं.

5. माझं मत बरोबर गेलं हे मी स्वतः कसं तपासायचं?

निवड केल्यावर ॲप आधी कोड दाखवतं आणि मग विचारतं: मत टाकायचं की तपासायचं? तपासायचं म्हटलं तर त्या मतात मिसळलेला यादृच्छिक आकडा ॲपला उघड करावा लागतो. तो दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर वेगळ्या तपासणी ॲपमध्ये घाला. तिथे तुमचीच निवड आणि तोच कोड दिसला पाहिजे. उघडलेलं मत बाद होतं. पुन्हा निवड करा, नवा कोड घ्या, आणि समाधान झालं की मत टाका. क्रिप्टोग्राफी संशोधक जोश बेनालो यांनी सुचवलेल्या या पद्धतीची सगळी भिस्त क्रमावर आहे. प्रश्न आधी आणि कोड नंतर असं झालं तर लबाड ॲपला तपासणी होणार की नाही हे आधीच कळतं आणि तपासणीला काही अर्थ उरत नाही.

मत टाकल्यानंतर कोड फलकावर शोधा. मतदान संपल्यावर तो तिथेच आहे ना, हे पुन्हा एकदा पाहा.

मोजणीचा पुरावा प्रत्येकाने तपासायची गरज नाही. दोन-तीन स्वतंत्र मंडळींनी आपापल्या प्रोग्रामने तपासला तरी भागतं. मात्र प्रोग्राम खरोखर वेगळे हवेत. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेला तपासणी प्रोग्राम सगळ्यांनी चालवला तर ती एकच तपासणी झाली.

6. बहुतेक लोक तपासणार नाहीत. मग उपयोग काय?

सगळ्यांनी तपासायची गरज नसते. प्रत्येक मतदार 5 टक्के वेळा तपासतो असं धरा. ॲपने 100 मतं बदलायचा प्रयत्न केला तर एकदाही न पकडलं जाण्याची शक्यता 0.95 चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे 0.6 टक्के. पण 20 मतंच बदलली तर ती सुमारे 36 टक्क्यांवर जाते. म्हणून चुरशीच्या लहान निवडणुकीत 5 टक्के पुरत नाहीत. उमेदवारांच्या प्रतिनिधींनी ठरवून, वेगवेगळ्या फोनवरून, वेगवेगळ्या वेळी तपासण्या कराव्यात.

7. पावतीवर मी कोणाला मत दिलं ते का लिहीत नाही? तेच तर मला पाहायचंय!

तुम्हाला दाखवता येतं ते मत विकत घेणाऱ्यालाही दाखवता येतं, आणि धमकी देणाऱ्यालाही. म्हणून पावतीवर फक्त कोड असतो. कोणी 'पूर्ण पारदर्शक, प्रत्येकाला आपलं मत पुन्हा पाहता येतं' अशी जाहिरात केली, तर दुसऱ्याच्या दबावाखाली ते पाहावं लागलं तर काय, हे त्यांना विचारा.

8. फोनमध्येच व्हायरस असेल तर?

तर फोन एक दाखवेल आणि दुसरंच पाठवेल. सर्व्हर, साखळी, मतं उघडायच्या किल्ल्या सगळं जागच्या जागी असूनही मत चुकेल. म्हणून तपासणी त्याच फोनवर कधीही करू नये.

एस्टोनियात मतदान संगणकावरून होतं आणि 2013 पासून मतदाराला क्यूआर कोड स्कॅन करून फोनवर आपलं मत तपासता येतं. त्याला 30 मिनिटांची मुदत असते. तपासणीत निवड दिसते, म्हणजे प्रश्न 7 मधला धोका थोडा पत्करलेला आहे; त्याची भरपाई पुन्हा मत देण्याच्या सोयीने केली आहे (प्रश्न 9). स्वित्झर्लंडने कागदाचा आधार घेतला. मतदाराला टपालाने छापील पत्रक येतं, त्यावर प्रत्येक पर्यायासमोर वेगळा कोड असतो आणि तो दर मतदाराला वेगळा असतो. मत पाठवल्यावर पडद्यावर आलेला कोड पत्रकाशी जुळवायचा. फोनला छापील कोड माहीत नसल्याने त्याला खोटं बोलता येत नाही. हा उपाय आम्हाला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. टपाल वेळेवर पोहोचायला हवं, एवढीच अडचण.

या उपायांनी मत बदललं गेल्याचं कळतं. मत डोकावून पाहिलं गेल्याचं मात्र कशानेच कळत नाही. व्हायरस पडदा पाहू शकत असेल तर त्या मतदाराची गुप्तता गेली.

9. घरी कोणी शेजारी बसून जबरदस्तीने मत द्यायला लावलं तर?

पडद्याआड जाऊन मत देणं मोबाइलवर जमत नाही, ही या पद्धतीची मूळ उणीव आहे. एस्टोनियात मुदत संपेपर्यंत कितीही वेळा मत देता येतं आणि शेवटचं धरतात. 2021 पासून मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन कागदी मत दिलं तर ऑनलाइन मत रद्द होतं. दबाव टाकणारा शेवटच्या मिनिटापर्यंत शेजारी बसला किंवा मतदानासाठी लागणारं ओळखपत्रच काढून घेतलं, तर मात्र हा उपाय अपुरा पडतो. मतदाराला खरी आणि खोटी अशा दोन ओळखी द्यायच्या आणि खोट्या ओळखीने दिलेलं मत मोजणीत गळून पडेल अशी व्यवस्था करायची, ही रचना 2005 पासून शोधनिबंधांत आहे. सर्वसामान्य मतदाराला ती वापरायला सोपी मात्र अजून झालेली नाही.

फलकावर कोणी किती वेळा मत बदललं हे उघड दिसत असेल तर पुन्हा मत देण्याची सोय निरुपयोगी ठरते. दबाव टाकणारा तेच पाहील.

10. ओटीपी पुरेसा आहे का? एकाने दुसऱ्याच्या नावाने मत दिलं तर?

एकटा ओटीपी पुरेसा नाही. सिम दुसऱ्याच्या नावावर काढून घेता येतं, सभासदांचे नंबर जुने असतात, एकाच नंबरावर घरातल्या चौघांची नोंद असते. ओटीपीसोबत टपालाने किंवा प्रत्यक्ष हातात दिलेला दुसरा कोड ठेवा.

याहून मोठा धोका आतला असतो. मत न दिलेल्या सभासदांच्या नावाने आयोजकच शेवटच्या तासात मतं भरू शकतो, आणि सगळे पुरावे बरोबर येतील. यावर उपाय म्हणजे मतदारांना कोड देणारे आणि मतं स्वीकारणारे लोक वेगळे ठेवणं. बेलेनिओस ही खुली प्रणाली अशीच रचलेली आहे. नियमात बसत असेल तर कोणी मतदान केलं याची यादीही जाहीर करा, म्हणजे न दिलेल्याला आक्षेप घेता येतो.

11. सार्वजनिक साखळी वापरावी की खाजगी?

प्रत्येक मत सार्वजनिक साखळीवर टाकू नका. शुल्क लागतं, ते मतदाराच्या वॉलेटमधून (साखळीवरच्या खात्यातून) भरायचं तर वॉलेटवरून माणूस ओळखता येतो, आणि साखळीच्या मर्यादा गणितात घुसतात. 2019 च्या मॉस्को शहराच्या निवडणुकीसाठी इथेरियम या ब्लॉकचेन तंत्रावर आधारित प्रणाली तयार झाली होती. तिच्या एल्गमाल किल्ल्या 256 बिटांहून लहान होत्या. फ्रेंच संशोधक पियरिक गॉद्री यांनी त्या साध्या संगणकावर सुमारे 20 मिनिटांत फोडता येतात हे दाखवलं. 256 बिट इलिप्टिक कर्व्ह या वेगळ्या गणितावरच्या किल्ल्यांना चालतात. साध्या मॉड्युलर (भागाकाराच्या बाकीवर चालणाऱ्या) एल्गमालला किमान 2048 लागतात, 3072 असल्यास बरं.

खाजगी साखळीत नोड कोणाचे, हा खरा प्रश्न. बायझंटाइन पद्धतीत, म्हणजे काही नोड लबाड असले तरी बाकीच्यांचं एकमत होईल अशा रचनेत, एक लबाड नोड सोसायला एकूण 4 नोड लागतात, दोन सोसायला 7. हे सातही नोड एकाच कंपनीच्या एकाच क्लाउड खात्यात असतील तर तो महागडा डेटाबेस झाला. नोड प्रतिस्पर्धी गटांकडे आणि बाहेरच्या संस्थेकडे हवेत.

बहुतेक संस्थांना याहून सोपी गोष्ट पुरते: सही केलेली हॅशची साखळी एका सर्व्हरवर ठेवायची, दर दहा मिनिटांनी तिचं टोक (शेवटचा हॅश) सगळ्या उमेदवारांना ईमेलने पाठवायचं, आणि वाटलं तर तेवढंच सार्वजनिक साखळीवर टाकायचं.

12. मतं उघडायची किल्ली कोणाकडे असते, आणि ती हरवली तर?

कोणा एकाकडे नसावी. पाच जणांत वाटून, कोणतेही तीन एकत्र आले की निकाल उघडेल अशी रचना ठेवा. पाचही लागतील असं ठेवलं तर गुप्तता जास्त, पण एक भाग गेला की सगळंच गेलं. नोव्हेंबर 2025 मध्ये खुद्द क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेवर, आयएसीआरवर, ही वेळ आली. हेलिओस या ऑनलाइन मतदान प्रणालीवर घेतलेल्या निवडणुकीत किल्लीचे भाग सांभाळणाऱ्या तीन विश्वस्तांपैकी एकाची किल्ली हरवली, तिन्ही आवश्यक असल्याने निकाल उघडलाच नाही, आणि मतदान पुन्हा घ्यावं लागलं. तज्ज्ञांचं हे होतं, तर इतरांनी सराव केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

प्रत्येकाने आपला भाग स्वतःच्या यंत्रावर तयार करावा. 'आम्ही बनवून पाठवतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे पाचही भागांची प्रत राहते.

13. आमच्या शाखेत बाराच मतदार आहेत. गुप्तता राहील का?

शाखानिहाय निकाल लावला तर नाही. बारापैकी बारा मतं एकाला पडली की गणित काही लपवू शकत नाही. लहान गट एकत्र करून मोजा. लहान गटात आणखी एक युक्ती चालते: दुसऱ्याचं एन्क्रिप्ट केलेलं मत जसंच्या तसं आपलं म्हणून टाकायचं आणि निकालातल्या फुगवट्यावरून त्याचा अंदाज बांधायचा. हेलिओसमध्ये हा दोष दाखवला गेला आहे. एकसारख्या नोंदी नाकारायच्या आणि पुराव्यात मतदाराची ओळख बांधायची, हा त्यावरचा इलाज.

14. दोन हजार सभासदांच्या निवडणुकीची तयारी कशी करावी?

जागेची चिंता नको. दहा उमेदवारांसाठी पुराव्यांसह एक मत साधारण 2 केबीचं होतं, म्हणजे दोन हजारांचे 4 एमबी. वेळ खातात ती माणसांची कामं.

सहा आठवडे आधी यादी गोठवा आणि आक्षेप मागवा. निम्म्या तक्रारी चुकीच्या नंबरांच्या निघतात. चार आठवडे आधी कोड खुला करा आणि बाहेरच्यांना हल्ला करायला बोलवा. वॉशिंग्टन डीसीने 2010 मध्ये अशी खुली चाचणी ठेवली तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या गटाने 48 तासांत प्रणालीचा ताबा घेऊन सगळी मतं बदलली. खऱ्या मतदानाआधी हे कळलं, हेच चाचणीचं यश. तीन आठवडे आधी किल्ल्या तयार करून लगेच एक लुटुपुटूचं मतदान शेवटपर्यंत, म्हणजे निकाल उघडेपर्यंत, चालवा. दोन आठवडे आधी छापील कोड टपालात टाका. ज्यांच्याकडे चालणारा फोन नाही त्यांच्यासाठी कागदी मताची सोय ठेवा.

मतदानाच्या पानावर बाहेरचा कुठलाही ट्रॅकर नको. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या आयव्होट या ऑनलाइन मतदान प्रणालीमध्ये मुख्य सर्व्हर ठीक होता, पण पानावर लावलेल्या बाहेरच्या विश्लेषण सर्व्हरमधून हल्ल्याला वाट सापडली.

15. मत पाठवताना नेट गेलं. पावती आली नाही. पुन्हा मत देऊ का?

ॲप उघडा. नीट बनवलेलं ॲप तेच एन्क्रिप्ट केलेलं मत पुन्हा पाठवतं, नवं बनवत नाही, त्यामुळे दोनदा नोंद होत नाही. ॲपने नव्याने निवड मागितली तर आधी फलकावर किंवा मदत क्रमांकावर आपल्या नावाची नोंद झाली का पाहा. पुन्हा मत देता येत असेल (प्रश्न 9) तर बिनधास्त द्या.

16. माझा कोड फलकावर सापडत नाही. आता?

आधी साध्या गोष्टी: शून्य आणि ओ यांतला गोंधळ, जुनं पान, तपासणीत बाद झालेल्या मताचा कोड. तरी सापडला नाही तर पावतीवर सर्व्हरची डिजिटल सही आहे का बघा. सही असेल तर तो आयोजकाविरुद्धचा थेट पुरावा आहे. नसेल तर तुम्ही खरं बोलताय की उगाच बोंब मारताय हे तिसऱ्याला ठरवता येत नाही, आणि कित्येक प्रणाली नेमक्या इथेच लंगड्या पडतात. किती तक्रारी आल्यावर काय करायचं, हे मतदानाआधी लेखी ठरवा. नंतर ठरवायला बसलात तर हरलेला गट आणि जिंकलेला गट वेगवेगळे आकडे सांगतील.

17. मुदत पाचला संपते. माझं मत 4:59 ला गेलं, पण ब्लॉकमध्ये 5:01 ला आलं. धरणार का?

नियमात 'सर्व्हरची सही केलेली पावती पाचच्या आत' असं लिहिलं असेल तर धरावं लागेल. 'ब्लॉकमध्ये पाचच्या आत' असं असेल तर नाही. आम्ही पहिला नियम सुचवतो. ब्लॉक उशिरा येणं मतदाराच्या हातात नसतं. फोनचं घड्याळ कुठल्याही नियमात प्रमाण धरू नका.

18. मतदानाच्या दिवशी सर्व्हरच पडला तर निवडणूक रद्द होते का?

होऊ शकते. डिसेंबर 2021 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या स्थानिक निवडणुकांत आयव्होट कोलमडलं, बऱ्याच जणांना मत देता आलं नाही, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी केंप्सी, सिंगलटन आणि शेलहार्बरचा एक प्रभाग इथले निकाल रद्द केले. हल्ला झालेला नव्हता, फक्त गर्दी झाली होती. मतदान एका दिवसाऐवजी पाच-सात दिवस ठेवलं तर हा धोका बराच कमी होतो.

19. मग विधानसभा-लोकसभेसारख्या निवडणुकांत हे आणावं का?

आमचं मत: आत्ता नाही. एस्टोनियात 2005 पासून ऑनलाइन मतदान आहे आणि 2023 च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं तशी पडली, हे खरं. पण तिथे चिप असलेलं ओळखपत्र जवळपास प्रत्येकाकडे आहे, आणि मतं ब्लॉकचेनवर ठेवत नाहीत. नॉर्वेने 2011 आणि 2013 मध्ये प्रयोग करून तो थांबवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी 2018 च्या अहवालात भरलेली मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवू नये असं सांगितलं, आणि ब्लॉकचेनने मूळ अडचणी सुटत नाहीत हेही नोंदवलं. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 2009 मध्ये मतदान यंत्रांबाबत निकाल देताना कसोटी घातली: विशेष ज्ञान नसलेल्या नागरिकालाही निवडणुकीचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत. झिरो-नॉलेज पुरावा त्या कसोटीवर कसा उतरवायचा, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला दिसलेलं नाही.

बिहारमध्ये जून 2025 च्या नगरपालिका मतदानात मोबाइल ॲप वापरलं गेलं, त्याचा दाखला बरेच जण देतात. लोकांना ते वापरता आलं, एवढं त्यातून कळतं. हरलेल्या उमेदवाराला निकाल स्वतः तपासता येतो का, हे वेगळं विचारावं लागतं.

20. आज एन्क्रिप्ट केलेलं मत वीस वर्षांनी फुटलं तर?

फुटू शकतं. एल्गमाल ज्या गणितावर उभं आहे ते पुरेसा मोठा क्वांटम संगणक सोडवू शकेल, आणि न पुसता येणाऱ्या साखळीवर टाकलेलं मत तेव्हाही तिथेच असेल. न पुसता येणं हा इथे दोष ठरतो. म्हणून सार्वजनिक साखळीवर एन्क्रिप्ट केलेलं मतसुद्धा टाकू नये, फक्त फलकाचा हॅश टाकावा (प्रश्न 11). मतं संस्थेच्या फलकावर ठेवावीत, आक्षेपाची मुदत संपली की फलक काढून घ्यावा आणि किल्ल्यांचे भाग साक्षीदारांसमोर नष्ट करावेत. मधल्या काळात कोणी प्रत उतरवून घेतली असेल तर तिचं काही करता येत नाही, म्हणून फलकावर मतदाराच्या नावाऐवजी टोपणक्रमांक ठेवावा, आणि नाव-क्रमांक जोडणारी यादी कोड वाटणाऱ्यांनी (प्रश्न 10) त्याच दिवशी नष्ट करावी.